रात्री उतरणारा वणवा

होळी उलटली की मुरबाडहून टोकावड्याकडे, नाहीतर शहापूरहून डोळखांबकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या एसटीतून डोंगरावर एक लाल रेघ दिसते. खिडकीशी बसलेलं कुणीतरी म्हणतं, "वणवा लागलाय." दोन-चार माना वळतात, गाडी वळण घेते, रेघ मागे पडते. दुरून ती हलतच नाही असं वाटतं. तिच्या बरोबर खाली जो पाडा असतो, त्याच्या दारापर्यंत ती कशी येते, त्याचा हा तासातासाचा हिशेब.

हा दिवस एका गावाचा किंवा एका तारखेचा नाही. शहापूर आणि मुरबाडच्या डोंगरपायथ्याला वणवा कसा लागतो, चढतो आणि उतरतो, त्यावरून तो जुळवला आहे. म्हणून पाड्याला नाव दिलेलं नाही, माणसांनाही नाही. बहुतेक वणवे डोंगरावरच विझतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच पाहिल्यामुळे घरापर्यंत येणाऱ्या एखाद्या वणव्याची तयारी कुणी करत नाही. आग दूर असते आणि सगळे निवांत असतात, त्या तासांबद्दल मला सांगायचं आहे.

पाच महिने आधी

भात कापून झालं, झोडून झालं. पेंढा आला. तो कुठे रचायचा हा प्रश्न पाड्यावर कुणाला पडत नाही, कारण जागा ठरलेली असते: काही गोठ्याच्या माळ्यावर, उरलेला घराच्या पडवीला लागून. पावसात भिजू नये, बैलाला हाताशी मिळावा, चोरी होऊ नये, ही सगळी कारणं खरी आहेत. पण कारवीच्या कुडाचं घर, त्याला टेकलेली पेंढ्याची गंजी आणि वीस पावलांवर सुरू होणारं रान, ही एक लांब वातच झाली.

दिवाळी झाली आणि पाडा अर्धा रिकामा झाला. कातकरी आणि ठाकूर कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेली, ती पावसाच्या तोंडावर परततील. वणव्याचा काळ वनखात्याच्या हिशेबात १५ फेब्रुवारी ते १५ जून. म्हणजे नेमक्या त्याच महिन्यांत डहाळी हातात घेऊन डोंगरावर धावू शकतील अशी माणसं पाड्यावर नसतात. उरतात म्हातारी माणसं, शाळेतली मुलं, एखादी बाळंतीण. पुढच्या सगळ्या तासांत हे लक्षात ठेवावं लागेल.

जानेवारीत जाळरेषा काढायच्या असतात: रानाच्या कडेचा पट्टा साफ करून, त्यातलं गवत आधीच सांभाळून जाळून टाकायचं, म्हणजे पुढे येणाऱ्या आगीला खायला काही उरत नाही. वनखातं आपल्या हद्दीत हे करतं. पण रानाची हद्द आणि पहिलं घर यांच्यामधला पट्टा कुणाचा? खात्याचा नाही, ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत नाही, मालकाची ती वरकस जमीन. तो तसाच राहिला. कमरेएवढं कुसळी गवत उभं, मध्ये रानमोडी आणि टणटणी, वर सागाचा पातेरा.

सकाळी ७, उरले १४ तास ४० मिनिटं

वरच्या शेतात राब भाजला. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो: भाताची रोपं जिथे करायची त्या जागेवर शेण, झाडाच्या वाळक्या टहाळ्या, पातेरा, गवत असे थर देऊन वरून बारीक माती टाकतात आणि तो थर हळूहळू जळू देतात. तणाचं बी मरतं, जमीन भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं, रोप जोमानं येतं. कोकणपट्टीतल्या नाचणी-भाताच्या शेतीचा हा जुना आधार आहे. वणव्याचा सगळा दोष राबावर टाकून मोकळं होणारे लोक मला पटत नाहीत. जाणती माणसं वारा पडलेला असताना, वरच्या बांधाकडून पेटवतात, म्हणजे आग उताराकडे हळू सरकते, आणि डहाळ्या घेऊन राखणीला उभी राहतात.

आजही तसंच केलं. चूक एकच झाली. ज्वाळा गेल्या तेव्हा राब झाला असं समजून माणूस घरी आला. शेण वरून काळं दिसतं आणि आत कित्येक तास धुमसत राहतं.

आगीची बीजं आणखीही असतात. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पातेरा पेटवणं, ससा-डुक्कर उठवायला लावलेली आग, घाटात गाडी थांबवून टाकलेली सिगारेट, गडावरच्या मुक्कामाची न विझवलेली चूल. आणि जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं हा समज. पहिल्या पावसानंतर कोंब हिरवेगार दिसतात हे खरं, पण त्याच पावसात उघड्या पडलेल्या उतारावरची माती खाली जाते आणि गवताच्या जागी कुसळ आणि रानमोडी वाढते. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. पण गुन्ह्याच्या भीतीनं एक वेगळंच होतं: ज्याच्या हातून आग सुटली तो सांगायला येत नाही आणि पहिला तास वाया जातो.

सकाळी ११:१५, उरले १० तास २५ मिनिटं

वारा उठला. राबाच्या कडेचा निखारा बांधावरच्या गवतात पडला. शेळ्या राखणाऱ्या पोराला आधी वास आला, मग धूर दिसला. पेटलेली जागा तेव्हा एका खाटेएवढी होती. दोन माणसं आणि दोन हिरव्या डहाळ्या असत्या तर ती तिथेच झोडपून विझली असती.

पोरगा खाली पळाला. पाड्यावर मोबाईल आहेत, पण रेंज फक्त मंदिरामागच्या दगडावर चढलं की येते. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे, तातडीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. हे चार आकडे कुठल्याच घराच्या भिंतीवर लिहिलेले नव्हते. पाड्यावरच्या एका आजीच्या नातवानं पोलीस पाटलांना फोन लावला, त्यांनी वनरक्षकाला. वीस मिनिटं गेली. आग तोवर दांडावर पोहोचली होती.

दुपारी १:३०, उरले ८ तास १० मिनिटं

दुपारी दीडच्या सुमाराला आग टिपणारे उपग्रह आपल्यावरून जातात. त्यांच्या यंत्राला ३७५ मीटरच्या चौकटीत उष्णता दिसली की भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदणी केलेल्या माणसांच्या मोबाईलवर पाठवते. ही नोंदणी कुणालाही करता येते. शिक्षकाला, सरपंचाला, आशाताईला. पण आग पहाटे तीनला लागली तर पुढच्या फेरीपर्यंत उपग्रहाला ती दिसत नाही. शेळ्या राखणारं पोर त्याच्याआधी पाहतं.

आग आता डोंगर चढत होती. उतारावर आग वर जाताना पुढचं गवत आधीच तापवून वाळवत जाते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. दुपारी समुद्राकडून येणारा खारा वाराही तिला सह्याद्रीच्या भिंतीकडेच ढकलतो. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेले लोक याच चढत्या आगीच्या वर सापडले. वीसहून अधिक जण गेले. माहुली, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट इथे उन्हाळ्यात पोरं घेऊन जाणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं: खाली धूर दिसला तर वर पळायचं नाही. आडवं सरकायचं, जळून काळ्या झालेल्या किंवा उघड्या खडकाळ जागेकडे.

पाड्याला मात्र बरं वाटलं. "वर गेली," लोक म्हणाले. जेवणं झाली. घरातून काही हलवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

दुपारी ४, उरले ५ तास ४० मिनिटं

वनरक्षक दोन वनमजुरांना घेऊन आला. एक ब्लोअर, दोन कोयते, पाण्याच्या बाटल्या. ब्लोअरनं पातेरा उडवून जमीन उघडी करत रेघ काढायची, म्हणजे आग तिथे थांबते. पाण्यानं वणवा विझवण्याचा इथे प्रश्नच नाही. भातसा, तानसा, वैतरणा शहापूर तालुक्यातूनच मुंबईला पाणी देतात आणि त्यांच्याच आसपासच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. विहिरीत हंडा बुडत नाही तिथे आगीवर काय ओतणार? बंब रस्ता असेल तिथवरच येतो.

वर जाताना वनरक्षक पोलीस पाटलांना म्हणाला, "रात्री वारा फिरला तर नाल्यातून खाली येईल. गंज्या तेवढ्या लांब करून ठेवा." पोलीस पाटील हो म्हणाले. गंज्या हलवायला माणसं नव्हती.

या तासापाशी मी जास्त थांबणार आहे, कारण घर वाचवायचं आणि सोडायचं, दोन्हीची तयारी याच वेळात होऊ शकते. साडेपाच तास आहेत, उजेड आहे, धूर अजून घशात गेलेला नाही.

पेंढा पूर्ण हलवता येत नसेल तर निदान भिंतीला लागलेला थर ओढून उघड्या खाचरात टाकायचा. घराभोवती पाच-सहा हात जमीन झाडून घ्यायची. जळण, गोवऱ्या, सुकायला टाकलेला मोह, प्लॅस्टिकचे कागद, सगळं तिथून उचलायचं. वळचणीत अडकलेला पातेरा काढायचा, कारण ठिणगी बसते ती तिथे. उडती ठिणगी ज्वाळेच्या कितीतरी पुढे जाते. घरं बहुतेक वेळा तिच्यामुळे पेटतात, समोरून चालत येणाऱ्या ज्वाळेमुळे कमी.

मग कागद. पाड्यावरचं घर सोडताना काय घ्यावं असं विचारलं तर मी सोन्याआधी वनपट्ट्याचं नाव घेईन. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेलं ते प्रमाणपत्र, त्यासाठी कितीजणांनी किती खेटे घातले असतील. त्याच्याबरोबर जातीचा दाखला आणि तो ज्यावरून मिळाला तो आजोबांचा जुना शाळेचा किंवा महसुलाचा कागद, शिधापत्रिका, आधार, बँकेचं पुस्तक, पोरांचे दाखले, बाळाचं लसीकरण कार्ड. सगळं एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, दाराच्या आतल्या खुंटीला. पत्र्याच्या पेटीत ठेवलं की सुरक्षित असा समज आहे, पण पेटी तापली की आतला कागद बंद झाकणाखाली करपतो. आणि घरासमोर सगळी माणसं उभी करून घराचा एक फोटो, गोठ्यात जनावरांचा एक. तो का, ते पुढे येईल.

शेवटी माणसं. कोण चालू शकत नाही, त्याला कोण उचलेल, हे नावानिशी ठरलं पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज या गावाबाहेर ८ नोव्हेंबर २०१८ ला विजेच्या तारेपासून आग सुरू झाली ती सकाळी साडेसहाच्या सुमाराला. आठ वाजेपर्यंत ती गावात होती. दीड तास. सव्वीस हजार वस्तीचं गाव, मोटारी, चौपदरी रस्ता, विभागवार गाव रिकामं करण्याची लिहिलेली योजना, तिचा सराव, हे सगळं असूनही त्या आगीत ८५ माणसं गेली आणि त्यांतली बहुतेक म्हातारी होती. आपल्या पाड्यावर मोटारीही नाहीत आणि घरात आहेत ती म्हातारीच.

संध्याकाळी ६:४५, उरले २ तास ५५ मिनिटं

सूर्य गेला. वारा पडला. हवेत थोडी ओल आली आणि आग बसली. डोंगरावर आता सलग रेघ नव्हती, ठिपके होते. सकाळपासून उपाशी असलेला वनरक्षक आणि त्याचे मजूर खाली उतरले. सगळ्या दिवसातला हा सर्वांत धोक्याचा तास, कारण तो सुटकेसारखा वाटतो. ठिपके म्हणजे जळणारे ओंडके. सागाचा, ऐनाचा वाळला बुंधा रात्रभर आतून जळतो. तिथे रात्रीला दोन माणसं बसवायला हवी होती.

रात्री ८:१०, उरला दीड तास

वारा फिरला. दिवसा डोंगराची उतरण तापते आणि हवा वर ओढते. रात्री ती निवते आणि जड हवा नाल्यानाल्यानं खाली वाहते. एक जळता ओंडका सुटून नाल्यात आला. नाल्यात वाळलेली कारवी दाट होती. कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून मरते; त्यानंतरची दोन-तीन वर्षं तिच्या काटक्यांचं रान नुसतं पेटायची वाट बघत उभं असतं. नाला पाड्याच्या मागे उतरतो.

कुत्री आधी भुंकली.

रात्री ८:५०, उरली ५० मिनिटं

"आजे, निघ आता."

"बैल सोडल्याबगर मी कुठं जायची नाय."

तिचं चूक नव्हतं. दावणीला बांधलेलं जनावर जिथल्या तिथे मरतं, दावं कापलं तर बहुतेक वेळा स्वतःची वाट काढतं. नातवानं कोयत्यानं दावी तोडली. शेळ्या कोंडलेल्या होत्या, त्यांचं दार उघडलं. दोन बाहेर आल्याच नाहीत. घाबरलेली शेळी ओळखीच्या अंधारात घुसते.

कुठे जायचं हे कुणी आधी ठरवलेलं नव्हतं. दोघे-तिघे सवयीनं नाल्याच्या पायवाटेकडे वळले, कारण रस्त्याला जायची जवळची वाट तीच. त्यांना पोलीस पाटलांनी हाका मारून परत फिरवलं. नाला म्हणजे आगीचं धुरांडं. जायचं होतं ते विरुद्ध बाजूला, कापणी झालेल्या खाचरांत. मार्चमध्ये भाताच्या खाचरात जळण्यासारखं काही नसतं. प्रत्येक पाड्याला असं एक उघडं मैदान असतं, फक्त ते "आपण सगळे इथे जमायचं" म्हणून दिवसाउजेडी दाखवून ठेवलेलं नसतं. नायलॉनची साडी ठिणगीनं वितळून अंगाला चिकटते, म्हणून आशाताईनं बायकांना सुती चादरी ओल्या करून पांघरायला लावल्या. पिण्याचे हंडे त्यासाठी रिकामे झाले. पलीकडच्या घरातल्या लुळ्या म्हाताऱ्याला चादरीची झोळी करून बांबूला बांधलं आणि दोन बाया, दोन पोरं असं चौघांनी उचललं. डोलीची सवय इथे आहे. बाळंतिणीला, साप चावलेल्याला असंच रस्त्यापर्यंत नेतात.

खाचरात पोहोचल्यावर कुणीतरी डोकी मोजली. एक कमी. आजी.

ती अर्ध्या वाटेवरून मागे फिरली होती. पेटीतले कागद आणायला.

रात्री ९:२५, उरली १५ मिनिटं

नातू तिला हाताला धरून घेऊन आला. पेटी उचलली नव्हती, कुलूप उघडलं नव्हतं. किल्ली सुनेच्या कमरेला, सून भिवंडीच्या भट्टीवर. धुरानं आजीला उभं राहवत नव्हतं. तो तिला वाकून, जवळजवळ रांगत आणत होता, कारण जमिनीलगत हवा थोडी बरी असते. हे त्याला शाळेत शिकवलं होतं.

रात्री ९:४०

पेंढ्याच्या गंजीवर ठिणगी पडली.

दुसरा दिवस, सकाळी ७

सहा घरं, चार गोठे. माणूस एकही गेला नाही. दोन शेळ्या गेल्या. बैल ओढ्यापलीकडे सापडले, एकाची पाठ भाजलेली.

आता मदत सुरू होईल आणि मदत करणाऱ्यांना काही सांगायचं आहे. तालुक्याच्या गावातून जुन्या कपड्यांची गाठोडी पहिल्या दुपारी येतात, ती पुरेशी होतात. ज्याचा पेंढा जळला त्याच्या बैलाला आज संध्याकाळी काय घालायचं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. वैरण पाठवा. पातेली, तवा, हंडे पाठवा. पत्रे आणि वासे पाठवा, कारण जूनला अडीच महिने आहेत. भाताचं आणि नाचणीचं बियाणं कणगीत होतं, तेही गेलं. मेमध्ये ते लागेल, तेव्हा कुणाला आठवण राहणार नाही. भाजलेल्या कातडीला टूथपेस्ट, हळद लावू देऊ नका. वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा आणि दवाखान्यात न्या.

आणि पंचनाम्याला कुणीतरी लिहिता-वाचता माणूस शेजारी उभा राहू द्या. आग ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत बसणारी आपत्ती आहे. २०२२ च्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या झोपडीला ८,००० रुपये आहेत आणि पूर्ण पडलेल्या कच्च्या घराला १ लाख २० हजार. कुडाचं, सारवलेलं, कौलारू घर जळून गेल्यावर उरते ती राख, आणि राखेकडे पाहून ती झोपडीची की घराची हे कसं ठरवणार? म्हणून तो आधीचा फोटो. शेळीला ४,००० रुपये आहेत, पण शेळी होती हे दाखवावं लागतं. म्हणून गोठ्यातला फोटो.

हाच डोंगर पावसाळ्यात दुसऱ्या रूपानं खाली येतो. नाणेघाटाच्या-भीमाशंकरच्या पलीकडे, आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसांसह. बाहेरच्या जगाला ते कळलं एका एसटी चालकामुळे, ज्याला रोजच्या जागी गाव दिसलं नाही. खुंटीवरची ती पिशवी, ठरलेलं मैदान, उचलायच्या माणसांची नावं जुलैमध्येही तीच लागतात.

सकाळी ९

निरोप मिळाला तशी भट्टीवरची माणसं टेम्पोनं आली. सुनेनं कमरेची किल्ली काढली. पेटीचं कुलूप वाकलं होतं, दगडानं फोडावं लागलं. वरचे दोन कागद हात लावताच चुरा झाले. खाली, घडी केलेल्या लुगड्याच्या पोटात, वनपट्टा होता. कडा तपकिरी, शिक्का वाचता येण्याजोगा. तिनं तो उघडला नाही, तसाच सासूच्या मांडीवर ठेवला.

सकाळी ११:३०

टँकर आला. आज त्याचा वार होता. बायकांनी रांग लावली, वाचलेले हंडे मिळून सात होते. आजीनं आपला हंडा डोक्यावर घेतला आणि घराच्या जागेकडे गेली. मधला खांब अजून आतून जळत होता. तिनं त्याच्या बुडाशी अर्धा हंडा ओतला, वाफ जाईपर्यंत थांबली आणि उरलेला बैलापुढे ठेवला.